वज्रीपाशी थांबा

पुण्याच्या शुक्रवार पेठेत एक संग्रहालय एका लहान मुलाच्या नावाने उभं आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या डॉ. दिनकर गंगाधर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, वाद्यं, पानाचे डबे अशा हजारो वस्तू गोळा केल्या. १९७५ मध्ये तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. संग्रहालयाच्या नावात राजा राहिला.

तिथे पाय घासायच्या वज्र्या मांडल्या आहेत, पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या आकाराच्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यांच्यासमोर उभं करून ‘हे कशासाठी असेल?’ असं विचारून पाहा. पेपरवेट, खेळणं, शिक्का, छोटी इस्त्री, काय वाटेल ते उत्तर येतं. टाच घासायची वस्तू कुणी एवढी देखणी घडवेल, हे त्याच्या डोक्यात येत नाही. सोबत आजी असेल तर ती हसते आणि मग वज्रीची, न्हाणीघराची, चुलीवर तापणाऱ्या पाण्याची गोष्ट सुरू होते. मूल दहा मिनिटं जागचं हलत नाही.

पण बहुतेक घरांचा अनुभव याच्या उलट असतो. मे महिन्याची सुट्टी लागली की पालकांचे तेच प्रश्न पुन्हा येतात. मुलगा संग्रहालयात दहा मिनिटांत कंटाळतो, काय करायचं? कितव्या वर्षापासून न्यावं? आम्हालाच चित्रातलं काही कळत नाही, मग मुलीला काय सांगणार? चित्रकलेचा क्लास लावावा की नको? हा लेख या प्रश्नांसाठी आहे. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत सोपं: तुम्हाला काही सांगायचं नाहीच आहे. मुलाला घाई न करता बघू द्यायचं आणि आपण विचारत राहायचं, एवढंच काम मोठ्यांकडे आहे. तरी बहुतेकांना जमत नाही ते नेमकं हेच.

कुठे न्यायचं, ते मुलाकडे बघून ठरवा

‘सगळ्यांत मोठं संग्रहालय’ हा निकष मुलाच्या पहिल्या भेटीसाठी निकामी आहे. मूल घरी कशात रमतं ते बघा आणि त्यावरून जागा निवडा.

बाहुल्या आणि भातुकलीत रमणाऱ्या मुलांना मुंबईत भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आवडतं. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या या वास्तूत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या पोशाखांच्या, धंद्यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. बाहेर बागेत दगडी हत्ती उभा आहे, तो आधी बघा. घारापुरीच्या बेटावरचा हा हत्ती. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभं केलं. जोड कुठे कुठे दिसतात ते शोधायला सांगा. आत जायची आठवण तुम्हालाच करून द्यावी लागेल. शेजारी राणीची बाग आहे, पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तिथले पेंग्विन आणि संग्रहालय एका सकाळी केलं तर जिंकणार कोण, हे सांगायला नको.

गोष्टीवेल्हाळ मुलांसाठी लघुचित्रं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संग्रहात अकबराच्या चित्रशाळेत १५७५ च्या सुमाराला तयार झालेली ‘अन्वर-इ-सुहैली’ची चित्रं आहेत. हे पंचतंत्राचं फारसी भावंड, त्यामुळे सिंह, कोल्हा, माकड सगळी ओळखीची मंडळी. (कागदावरच्या चित्रांना उजेड सोसत नाही म्हणून सगळी पानं कायम मांडलेली नसतात, दालनात चौकशी करा.) याच आवारात २०१९ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू झालं आहे. एका जागी बसू न शकणाऱ्या मुलाला तिथूनच सुरुवात करून द्यावी.

मोठ्या तैलचित्रांसमोर आणि मूर्तींसमोर मुलाला निवांत उभं करायचं असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध गाठा. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारलं. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूर या शिल्पकाराची दगडातली आई आणि मूलही आहे. मुंबई-पुण्याच्या मानाने गर्दी कमी, त्यामुळे मुलाने जमिनीवर बसकण मारली तरी कुणाच्या पायात येत नाही.

विदर्भातल्या घरांना नागपूरचा अजब बंगला सांगायची गरज नाही. १८६३ पासूनच्या या संग्रहालयाने कितीतरी पिढ्यांना पहिल्यांदा ‘आ’ वासायला लावलं आहे. कोल्हापुरात टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची हातभर उंचीचीही नसलेली ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा आला, हे कोडं दहा-बारा वर्षांच्या मुलाला पुरून उरतं. गोव्यात बाणावलीचं ‘गोवा चित्र’ शेतीची आणि कारागिरीची अवजारं दाखवतं. ‘ही कला कशी?’ असं मुलाने विचारलं तर उत्तर देऊ नका, चर्चा होऊ द्या.

अजिंठ्याबद्दल वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे सर्वाधिक निराशा होते. उन्हातून आत आल्यावर लेण्यात काहीच दिसत नाही आणि डोळे सरावायच्या आत गाईड पुढच्या लेण्याकडे निघतो. आत शिरल्यावर पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, हे मुलाशी आधीच ठरवून ठेवा. भिंतीवरच्या जातककथा गुंतागुंतीच्या आहेत. लहान मुलांना छत दाखवा. पहिल्या लेण्याच्या छतावर झुंजणारे बैल आहेत, दुसऱ्यात हंसांची माळ आहे आणि त्या हंसांच्या माना वेगवेगळ्या तऱ्हेने वळलेल्या आहेत. ‘दोन अगदी सारखे हंस दाखव’ असं सांगा आणि वाट बघा. सगळी लेणी एका दिवसात ‘करायची’ नाहीत. तीन पुरेत.

निघण्याआधी

- सुट्टीचा वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी, भाऊ दाजी लाड बुधवारी. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. डागडुजीसाठी काही दालनं किंवा आख्खं संग्रहालयही बंद असू शकतं, म्हणून आदल्या दिवशी फोन करा.
- सकाळी, नाश्ता करून निघा. भुकेलं मूल रविवर्म्यालाही भाव देत नाही. शनिवार-रविवारी जायचं तर दार उघडतानाच पोचा.
- साधी वही आणि पेन्सिल घ्या. पेन, खडू, पाण्याचे रंग दालनात बहुतेक ठिकाणी चालत नाहीत. खोडरबर मुद्दाम घरी ठेवा, कारण खोडत बसलेलं मूल बघायचं थांबतं.
- तिकिटाचे नियम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंना, म्हणजे अजिंठा, वेरूळ, घारापुरी इथे, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. वयाचा काही पुरावा मोबाइलमध्ये असू द्या.
- १८ मे ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो आणि आपल्याकडे शाळांना सुट्टी असते. अनेक संग्रहालयं मुलांसाठी कार्यक्रम ठेवतात. काही ठिकाणी प्रवेशही मोफत असतो.
- घरून निघतानाच सांगा: आज एकच दालन बघायचं, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, मग इडली.

शेवटच्या ओळीवर हमखास वाद होतो. ‘एवढे दोनशे किलोमीटर आलो, तिकिटं काढली आणि एकच दालन?’ हा हिशेब मोठ्यांचा. सात वर्षांचं मूल लागोपाठ सहा दालनं बघतं तेव्हा तिसऱ्यापासून पुढे ते फक्त फरशी आणि पंखे बघत असतं. ‘अजून थोडं थांबू’ हे वाक्य मुलाच्या तोंडून यायला हवं असेल, तर ते येण्याइतपत लवकर बाहेर पडायला हवं.

आत गेल्यावर: फलक नंतर, वस्तू आधी

नेहमीचं दृश्य असं: बाबा फलक वाचतात, मोठ्याने, तारखेसकट. ‘सतरावं शतक, बुंदी शैली, कागदावर अपारदर्शक जलरंग.’ मुलाला यातला एकही शब्द चित्रात दिसत नाही. तोवर आई पुढच्या चित्रापाशी पोचलेली असते.

क्रम उलटा करा. आधी दालनातून एक फेरी मारा, अवाक्षर न बोलता. मग मुलाला म्हणा, ‘यातली तीन तू निवड, त्यांच्यापाशीच थांबू.’ तुमच्या आवडीचं चित्र त्यात आलं नाही तर गिळून टाका. निवडलेल्या वस्तूसमोर खाली बसा, म्हणजे तुमचे डोळे मुलाच्या उंचीवर येतील. त्या उंचीवरून काचेत दिव्याची तिरीप दिसते आणि चित्र दिसतच नाही, हे बऱ्याच पालकांना तेव्हा पहिल्यांदा कळतं.

मग तीन प्रश्न विचारा. अमेरिकेत ॲबिगेल हाऊसन आणि फिलिप येनावाइन यांनी शाळांसाठी एक पद्धत बसवली, तिचा हा गाभा आहे, आणि तो कुठल्याही चित्राला लागू पडतो:

१. इथे काय चाललंय?
२. कशावरून म्हणतेस?
३. आणखी काय दिसतंय?

दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, आणि तो दरडावून विचारला की सगळं बिघडतं. ‘ही बाई रागावलीये,’ असं मुलगी म्हणाली तर ‘कशावरून?’ हे कुतूहलाने विचारा, उलटतपासणीच्या सुरात नको. ती पुन्हा चित्राकडे बघेल आणि म्हणेल, ‘तिने पदर घट्ट धरलाय.’ तुम्ही तो पदर पाहिलाही नसेल. उत्तर चुकीचं असलं तर? फलकावर लिहिलेलं असेल की ती रागावलेली नाही, विरहिणी आहे. आता फलक वाचा, सगळ्यात शेवटी, आणि मुलीलाच ठरवू द्या की चित्रकाराला विरह नीट जमलाय की नाही.

मूर्ती असेल तर अंगाने बघायला सांगा. नटराज, महिषासुरमर्दिनी किंवा मूरचं शिल्प तसंच उभं राहून दाखवायला लावा. वजन कुठल्या पायावर आहे? मान कुणीकडे? सुरक्षारक्षक हसतील, हसू द्या. हात लावायला मनाई का, हे मात्र एकदा नीट सांगा: हाताच्या घामाने आणि तेलकटपणाने धातू काळवंडतो, रंग उडतो, आणि रोज हजार हात लागले तर दगडही गुळगुळीत होतो. देवळाच्या उंबरठ्याचा मधला भाग दाखवला की ते पटतं.

शेवटची दहा मिनिटं चित्र काढायची. नियम एकच: डोळे वस्तूवर ठेवायचे, कागदावर नाही. रेघ वेडीवाकडी येते, हसू येतं आणि ‘मला येत नाही’ हे वाक्य बोलायची संधीच मिळत नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१५ मध्ये भेट देणाऱ्यांना फोटो काढण्याऐवजी चित्र काढायचं आवाहन केलं होतं, मोठ्यांनाही. तुम्हीही वही घ्या. तुमचं चित्र मुलाच्या चित्राहून वाईट येईल. यातून होणारा फायदा मोठा आहे.

एक प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात: उघड्या अंगाच्या मूर्ती आणि चित्रं आली तर काय सांगायचं? ओढून पुढे नेऊ नका. तसं केलंत की दालनातली तेवढी एकच मूर्ती मुलाच्या लक्षात राहील. लहान मूल हसलं तर त्याच्याबरोबर थोडं हसा आणि मग दागिने मोजायला सांगा. अजिंठ्यातल्या माणसांच्या अंगावर कपडे कमी आणि मोती फार आहेत, ते का, हा प्रश्न त्याला उघडेपणापेक्षा जास्त वेळ गुंतवतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सरळ सांगता येतं की माणसाचं शरीर घडवणं हे शिल्पकारांनी नेहमीच सगळ्यांत अवघड आणि सुंदर काम मानलं आहे. रक्तपाताच्या चित्रांपाशी मात्र मुलाचा चेहरा बघा. घाबरलं असेल तर तिथे थांबायचं कारण नाही.

वयाचं काय?

कितव्या वर्षापासून, याला उत्तर नाही. दोन वर्षांचं मूल कडेवरून घोडे आणि पक्षी दाखवतं, तेवढं भरपूर. चार ते सात या वयात शोधाशोध चालते: दालनात हत्ती किती? सगळ्यांत लहान गोष्ट कोणती? आठ ते अकरा हे वय ‘कसं बनवलं?’ या प्रश्नाचं. त्यानंतरच्या मुलांना तुमची सोबत नको असते. त्यांना एका मित्राबरोबर अर्धा तास मोकळं सोडा आणि बाहेर आल्यावर ‘कुठली एक वस्तू घरी न्यायला आवडली असती आणि कुठली फुकट दिली तरी नको?’ एवढंच विचारा. नको असलेल्या वस्तूबद्दल ती मुलं जास्त बोलतात.

घरी आल्यावर

संग्रहालयात पाहिलेलं हाताला कळायला हवं, नाहीतर ती सहल तेवढ्यावरच संपते. बाजारातलं महागडं क्राफ्ट किट लागत नाही. खालच्यातलं काही करून पाहा. सगळं करायला जाऊ नका.

*गंजिफा.* सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही हाताने रंगवलेली गंजिफा तयार होते. दशावतारी गंजिफेचे पत्ते गोल आणि एकूण १२०: दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या संचात मासे, कूर्माच्या संचात कासवं, परशुरामाच्या संचात परशू. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून वाटीच्या मापाने गोल कापा आणि मुलांना घरातले चार संच ठरवू द्या: चमचे, चपला, चाव्या, झुरळं. सात चपला एका गोलात बसवायच्या म्हणजे काय, हे कळायला दोन-तीन पुठ्ठे वाया जातील. रचना हा धडा यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येत नाही. आणि शेवटी खेळायला डाव तयार.

*चित्रकथी.* कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रं एकामागून एक दाखवत गोष्ट गाऊन सांगायची परंपरा जपली आहे. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात त्याचं संग्रहालय केलं. त्यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. कोकणात जाणार असाल तर समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस कापून तिकडे द्या. घरी दहा कागद घ्या, एका कागदावर एकच प्रसंग, मागे शब्द लिहायचे नाहीत. संध्याकाळी दिवा लावून आजी-आजोबांसमोर प्रयोग. चित्र ‘चांगलं’ आलं का, हा प्रश्न इथे कुणाला सुचत नाही, कारण सगळ्यांना पुढे काय झालं ते हवं असतं.

*रंग बनवणं.* अजिंठ्याच्या चित्रकारांचे लाल-पिवळे रंग गेरूसारख्या मातीचे, काळा काजळीचा. निळा तेवढा दूरवरून, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडातून आलेला. घरी गेरू भिजवा, पळस फुलला असेल तर फुलं उकळा, हळद कालवा. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की पिवळा झर्रकन तांबूस होतो. चुन्यानेही होतो आणि जास्त लाल होतो, पण चुना डोळ्यात गेला तर इजा करतो, म्हणून मुलांच्या हातात नको. हळदीचं चित्र उन्हाच्या खिडकीत लावा. महिन्याभरात फिकटलेलं दिसेल. संग्रहालयात दिवे मंद का आणि फ्लॅशला मनाई का, हे तेव्हा सांगा.

*वारली* घराघरात पोचलीच आहे, बहुधा जरुरीपेक्षा जास्त: पडदे, कप, मोबाइलची कव्हरं. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस काढणं मुलांना सहज जमतं, पण तेवढ्यावर थांबू नका. डहाणू-जव्हारकडच्या घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने बायका लिहितात आणि मधे पालघाट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी हीच रेघ कागदावर आणून जगभर नेली. मुलाने वारलीतला नेहमीचा तारप्याचा नाच उतरवून काढायचा की आपल्या सोसायटीतली दहीहंडी त्याच रेघांत मांडायची? दुसरं सुचवून बघा.

चुका, ज्या प्रेमापोटी होतात

‘हे काय काढलंस?’ असं विचारलं की मुलाला कळतं, ओळखू आलं नाही. ‘याच्याबद्दल सांग ना’ म्हणा.

‘व्वा, किती छान!’ हे दर चित्राला म्हणणंही तितकंच पोकळ. मुलं ते आठवड्याभरात ओळखतात. त्याऐवजी जे दिसतं ते बोला: ‘आकाश पार खालपर्यंत आणलंस.’

मुलाच्या चित्रावर स्वतःचा हात चालवू नका, एक रेघसुद्धा नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी रात्री अकरा वाजता आईने पूर्ण केलेलं चित्र कुठल्याही शिक्षकाला लांबून ओळखता येतं. छापील आकृतीत रंग भरायच्या पुस्तकांवर बंदी घालायची गरज नाही, प्रवासात ती बरी पडतात. त्याला चित्रकला म्हणू नका, एवढंच.

क्लास, परीक्षा, स्पर्धा

क्लास लावायचा तर आधी तिथल्या भिंती बघा. वीस मुलांची वीस चित्रं एकसारखी असतील (डोंगरामागून सूर्य, वळत गेलेली नदी, दोन नारळ), तर पुढचा क्लास शोधा. शिक्षक मुलांना बाहेर नेऊन रेखाटनं करायला लावतात का, मातीकाम आहे का, हे विचारा. वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत क्लास लावला नाही तर काही बिघडत नाही.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांबद्दल पालकांच्या मनात दोन टोकाचे समज असतात: एक, त्या दिल्याशिवाय मूल चित्रकार होत नाही, दोन, त्या फक्त दहावीच्या वाढीव गुणांसाठी. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन या विषयांनी हाताला शिस्त लागते, हे खरं. मुलाला त्या शिस्तीत गंमत वाटत असेल तर परीक्षा जरूर द्यावी. केवळ गुणांसाठी देत असाल तर तसं मोकळेपणाने ठरवा आणि परीक्षेच्या सरावाला कलेची गोडी समजू नका. वाढीव गुणांचे नियम बदलत आले आहेत. चालू वर्षाचा शासन निर्णय शाळेतल्या कलाशिक्षकांकडून समजून घ्या.

स्पर्धेच्या अर्जावरची बारीक अक्षरं वाचा. ‘चित्रं परत मिळणार नाहीत’ आणि ‘आयोजक चित्र कुठेही वापरू शकतील’ ही दोन वाक्यं नेहमी असतात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्राचा पहिला हक्क ते काढणाऱ्याचा, म्हणजे मुलाचा. अर्जावर सही करून तो तुम्ही सोडून देत असता. उद्या ते चित्र कॅलेंडरवर छापलं गेलं तर मग तक्रारीला जागा राहत नाही. निदान चित्राचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.

तुम्ही काय मागू शकता

कलेत आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेणं हा मुलांचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात तो लिहिलेला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली आहे. दारात उभं राहून कलम सांगायची वेळ सहसा येत नाही. पण पुढच्या गोष्टी विचारायला संकोच करू नका:

- दालनात खाली बसून पेन्सिलने रेखाटन करायची परवानगी. वाट अडत नसेल तर सहसा मिळते. गट मोठा असेल तर आधी पत्र द्या.
- मराठीतला फलक किंवा माहिती. नसेल तर अभिप्राय वहीत लिहा, तारखेसह. त्या वह्या वाचल्या जातात.
- चाकाच्या खुर्चीची वाट, उद्वाहन, स्वच्छतागृह. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ कला आणि संस्कृती सर्वांना खुली करायला सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं स्पर्शाने बघायचं दालन आहे. तुमच्या शहरात अशी सोय आहे का, असं दर भेटीत विचारत राहा.
- आवाजाने, गर्दीने बावरणाऱ्या मुलासाठी कमी गर्दीची वेळ. ही माहिती तिकीट खिडकीपेक्षा दालनातले रक्षक अचूक देतात.

शाळेच्या सहलीबद्दल एक आगाऊ सूचना. दीडशे मुलांना रांगेत, तोंडावर बोट ठेवून, चाळीस मिनिटांत फिरवून आणण्यापेक्षा तीन तुकड्या करा; एक दालनात, एक बागेत रेखाटन करत, एक डबा खात. बऱ्याच संग्रहालयांत शिक्षण विभाग असतो, त्यांना महिनाभर आधी कळवलं तर माणूस मिळतो. मुंबईचं वास्तुसंग्रहालय तर २०१५ पासून फिरत्या संग्रहालयाची बस चालवतं. ती आपल्या शाळेकडे येऊ शकेल का, हे मुख्याध्यापकांनी विचारायला हरकत नाही.

जवळ संग्रहालयच नसेल तर

तर गावातलं जुनं देऊळ, वाडा, कुंभारवाडा बघा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवर चित्रं आहेत. पेणला गणपतीचे कारखाने आहेत. गणेशोत्सवाच्या तोंडावर कुणाला बोलायला सवड नसते, पण चार-पाच महिने आधी गेलात तर शाडूचा गोळा मुलाच्या हातात पडतो. घरात रविवर्मा छापखान्याची जुनी लक्ष्मी-सरस्वती टांगलेली असेल तर ती उतरवून, काच पुसून, खिडकीपाशी आणून बघा. वर दिलेले तीन प्रश्न तिलाही लागू आहेत.

परदेशातल्या मराठी घरांना तर काही वाटा अगदी आपल्या आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती आहेत. याच संस्थेचं मुलांसाठीचं ‘यंग व्ही अँड ए’ बेथनल ग्रीनला आहे, प्रवेश मोफत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून लाखो चित्रांचे फोटो कुणालाही वापरायला खुले केले आहेत; त्यातली भारतीय लघुचित्रं छापून जेवणाच्या टेबलावर काचेखाली सरकवता येतात. सुट्टीवरून परतताना एक काळजी मात्र घ्या. आजीकडची शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा समई १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

ती समई इथेच आजीच्या घरी राहू द्या आणि पुढच्या सुट्टीत तिथेच मुलांना एक संग्रहालय मांडायला सांगा. फडताळाचा एक कप्पा रिकामा करा. अडकित्ता, पुरण यंत्र, आजोबांची दौत, फुटलेल्या रांजणाचा काठ, काहीही चालेल. खऱ्या संग्रहालयात प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि तो चटकन न दिसणाऱ्या जागी बारीक अक्षरात लिहिलेला असतो. मुलांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. मग प्रत्येक वस्तूचं एक कार्ड: नाव, कशाची, किती लांब, कुणाची, शेवटी कधी वापरली. मागच्या बाजूला पेन्सिलने काढलेलं चित्र, खोडरबर न वापरता. ‘शेवटी कधी वापरली’ हा रकाना आजीला विचारून भरायचा आहे. त्याला बहुधा आख्खी दुपार लागेल, म्हणून चहा आधीच टाकून ठेवा.